गाडीचं तोंड कुणीकडं?

तिकीट कुठलंही असो, आमचे शेजारी शिवलिंगअप्पा खिडकीवर पहिला प्रश्न एकच विचारतात, "गाडीचं तोंड कुणीकडं?" लातूरहून नांदेडला जाताना तर ते परळीची आठवण करून देतात, कारण तिथं इंजिन पुढचं मागं लागतं आणि सुलटे बसलेले सगळे उलटे होतात.

ते कलेक्टर कचेरीतून निवृत्त, मी शाळेतून. आम्ही दोघं सपत्नीक युरोपला गेलो, तेव्हा मुलांनी रेल्वेचे पास काढून दिले होते. पास दाखवला की झालं, अशा समजुतीत मी निवांत होतो. अप्पांनी पासावरची बारीक अक्षरं माझ्याकडून वाचून घेतली.

"म्हंजे हा चढायचा हक झाला, बसायचा न्हाई. जागा येगळी धरावी लागती. चला सर."

झ्युरिकच्या खिडकीवर मी दुभाषी. अप्पांनी कागदावर इंजिन काढलं, डबा काढला, बाण काढला आणि बाणाकडं तोंड केलेली नऊवारीतली बाई काढली. खिडकीतली मुलगी चक्रावली.

"मधी कुठं परळीवाणी इंजिन फिरतं का, इचारा."

मी परळी गाळून विचारलं. मागं रांग वाढत होती, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. अप्पा ढिम्म. शेवटी कळलं की फ्रँकफर्टला गाडी उलटी निघते. त्यांनी बायकोसाठी, म्हणजे गिरिजावैनींसाठी, सुलटी जागा घेतली आणि स्वतःसाठी त्यांच्या समोरची उलटी.

"मला मागं जाणारं बगायला लई आवडतं," ते म्हणाले.

फ्रँकफर्ट आलं. गाडी पुरती थांबायच्या आत अप्पांनी वैनींना उठवलं आणि दोघांनी जागांची अदलाबदल केली. पलीकडच्या एका जर्मन आजीबाईंनी मला कारण विचारलं, ऐकून घेतलं आणि आपल्या नवऱ्यालाही उठवलं. मला अप्पांचा खरोखर अभिमान वाटला.

तासाभरानं मी पाय मोकळे करायला उठलो, तर अप्पा डब्याच्या दाराशी दांडा धरून उभे. चेहरा पांढराफटक, नाकाशी लिंबू.

"काय होतंय अप्पा?"

"काय न्हाई. उलटं बसलं की मळमळतं मला. तिला सांगू नका."

"अहो, मग वैनींच्या शेजारची जागा रिकामी आहे की."

अप्पांनी दारातून आत वैनींकडं एकदा बघून घेतलं.

"लातूर नवा जिल्हा झाला, तवा माझी तितं बदली झाली. दुष्काळ होता. नव्या नवरीला अर्धापूरहून लातूरला आणत होतो. यष्टीत ड्रायव्हरमागची उलटी शीट तिला मिळाली, मी मागं गर्दीत उभा. लाजंपायी बोलली न्हाई. अहमदपूरला बगतो तर ओकून सगळं लुगडं भरलेलं. स्टँडचे नळ कोरडे. तोंड धुवायला घोटभर पाणी मिळालं न्हाई सर." त्यांनी लिंबू खिशात टाकलं. "शेजारी बसलं की तोंड दिसत न्हाई तिचं. तकलीफ व्हायच्या आधी चेहऱ्यावर दिसतं. समोर बसावं लागतं."

त्यांनी रुमालानं घाम पुसला आणि हसत आत गेले. मीही माझ्या जागेवर जाऊन बसलो. आमची ही शेजारीच बसली होती, खिडकीकडं बघत. एवढ्या वर्षांच्या संसारात मी तिच्या समोर असा कधी बसलोच नव्हतो, आणि ते मला फार लागलं.