झाकणाचे लोकार्पण

आमच्या नगरपालिकेने यंदाच्या प्राधान्यक्रमात पहिल्या क्रमांकावर आमच्या गल्लीतल्या चेंबरचे झाकण घेतले, हे मुद्दाम नमूद करावे लागते. कारण पालिकेला सामान्य माणूस दिसत नाही असा अपप्रचार गावात फार आहे. संगीत कारंजे दुसऱ्या क्रमांकावर होते.

हे उघडे चेंबर गाद्या भरणाऱ्या चांदसाहेबाच्या दुकानासमोर आहे. त्याची आई शाहजादीबी हिला फारसे दिसत नाही. रोज सकाळी ती भिंत चाचपत शेजारच्या भामाबाईकडे चहाला जाते. आई त्या खड्ड्यात पडू नये, एवढेच चांदसाहेबाचे मागणे. मागणे रास्त होते, म्हणून ते पहिल्या क्रमांकावर गेले आणि तिथेच घात झाला.

पहिल्या क्रमांकाचे काम भूमिपूजनाशिवाय सुरू करता येत नाही. नगराध्यक्ष धैर्यशीलआबांनी दोन महिन्यांनंतरची तारीख दिली. मग पालिकेचे अभियंता उदयसिंह पाहणीला आले आणि चेंबरकडे पाहून गंभीर झाले.

"हितं तर आधीच खड्डा हाय. आबा कुदळ मारणार कशावर?"

"आवं सायेब, मला खड्डा न्हाई, झाकण पायजे," चांदसाहेब म्हणाला.

"पूजन झाल्याबिगर झाकण कसं येईल? आधी खड्डा बुजवू."

मुरूम टाकून चेंबर बुजवले. गटार तुंबले, गल्लीत घाण पसरली, दुकानातल्या चार गाद्या भिजल्या. तरी आई दहा दिवस निर्धास्त चहाला गेली म्हणून चांदसाहेब खूश. अकराव्या दिवशी हलगी वाजली, नारळ फुटला, आबांनी कुदळ मारली आणि मागून आलेल्या जेसीबीने खड्डा पूर्ववत करून दिला. पूर्वीपेक्षा हातभर रुंदच.

सहा महिन्यांनी झाकण आले. बिडाचे, भक्कम, त्यावर आबांचे नाव आणि हसरा चेहरा. लोकार्पणाला आम्ही सगळे हजर होतो. झाकण खड्ड्यावर ठेवणार, तेवढ्यात ज्योतिबा नावाचा कार्यकर्ता ओरडला, "थांबा रं! आबांच्या तोंडावर पाय दिऊन लोकं जाणार व्हय?"

हलगी थांबली. आबांच्या कपाळावर आठी उमटली.

"आबा, पालथं टाका की," चांदसाहेब हात जोडून म्हणाला. "म्हंजे चेहरा खाली जाईल."

"गटारात?" ज्योतिबाने विचारले.

रस्त्यातच तातडीची सभा भरून एकमताने ठराव झाला, की झाकण चौथऱ्यावर उभे करावे आणि भोवती रेलिंग बांधावे. चौथऱ्याला जागा फक्त भिंतीलगत होती. त्यामुळे भिंत धरून जाणाऱ्याला आता वळसा घालणे आले, आणि वळसा थेट खड्ड्यावरून. चांदसाहेबाने स्वखर्चाने खड्ड्यावर फरशी टाकली. पूर्ण झालेल्या कामात हस्तक्षेप केल्याची नोटीस त्याला आली आणि फरशी जप्त झाली.

त्याच आठवड्यात शाहजादीबी भिंत चाचपत निघाली, रेलिंगपाशी थबकली, वळली आणि आत गेली. मांडीचे हाड मोडले. चांदसाहेब खड्ड्यात उतरून "हात द्या रं कुणीतरी" म्हणून ओरडत होता. गटाराची घाण पाहून आम्ही बराच वेळ एकमेकांना पुढे ढकलले. शेवटी भामाबाईने पदर खोचला.

पुढच्या वर्षीची कामे ठरवायला पालिकेने आमच्या प्रभागाची सभा बोलावली. चांदसाहेब उभा राहिला.

"मला दुसरं काय बी नको. तेवढं झाकण टाका. म्हातारी आता अंथरुणाला खिळली, पर गल्लीत लेकरं हायत."

उदयसिंहांनी कागद चाळले. "झाकणाचं काम पूर्ण हाय. कुणाची हरकत असंल तर हात वर करा."

चांदसाहेब सोडून आम्ही साठ जण होतो. साठही जणांना खड्डा ठाऊक होता. एकही हात वर झाला नाही. मग आबांनी कारंज्यासाठी हात वर करायला सांगितले, आणि सगळे हात वर गेले. चांदसाहेब आमच्याकडे बघत उभाच होता. मला लाज वाटली, पण हात खाली आला नाही. मी पुढच्या रांगेत होतो. तिथे काय केले ते आबांना लगेच दिसते. मागच्या रांगेतल्यांना ही अडचण नव्हती. मोठ्या आशेने मी मान वळवून पाहिले, तर तुमचाही हात वर होता.