गाडीसाठी स्थळ

दिवेकर भाऊजींनी आपली जुनी गाडी दान द्यायचं ठरवलं आणि संस्थेच्या बाई फॉर्म घेऊन येणार म्हणून कांदेपोहे केले. मला सकाळी फोन आला.

"वहिनी, चारला या. मुलीकडून कोणीतरी बाईमाणूस हवं."

"कुठली मुलगी, भाऊजी?"

"नीट ऐका, प्रश्न साधा आहे. येताय की नाही?"

ते 'प्रश्न साधा आहे' म्हणाले की तो साधा नसतो, हे पन्नास वर्षांत मला कळलं आहे. भाऊजींना मुलगी नाही. त्यांचं लग्नच झालेलं नाही. साडी नेसावी की पँट चालेल, या विचारात माझा अर्धा तास गेला. शेवटी नेसले.

ईशा, निमिष, तुम्ही तिकडे पुण्यात, म्हणून ओळख करून देते. दिवेकर भाऊजी म्हणजे तुमच्या आजोबांचे मोटारींच्या कारखान्यातले मित्र आणि इथे कॅनडात विंडसरला आमचे शेजारी. वय चौऱ्याऐंशी. डिशवॉशरमध्ये ते लोणच्याच्या बरण्या ठेवतात. विंटर टायर्स दसऱ्याला पूजा करून लावतात आणि पाडव्याला काढतात. एका वर्षी पाडव्यानंतर दोनच दिवसांनी फूटभर बर्फ पडला. भाऊजी खिडकीतून बघत म्हणाले, "पंचांग बरोबर आहे. बर्फ चुकला."

गाडी हिरवी, अमेरिकन, बोटीसारखी लांब. मागची सीट म्हणजे आमच्या दिवाणखान्यातला सोफाच. गॅरेजमध्ये ती मावत नाही, म्हणून भाऊजींनी गॅरेजच्या दाराला फूटभर पुढे येणारं लाकडी नाक बसवून घेतलं. त्यात नोकरी एका कंपनीत आणि गाडी दुसरीची! आजोबा त्यांना 'घरभेदी' म्हणायचे. भाऊजी शांतपणे म्हणायचे, "तुमची डिकी दाखवा. चार मोठ्या बॅगा मावतात का? मग बोला."

या हिवाळ्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद करायला सांगितलं. मी म्हटलं, विकून टाका. तर म्हणाले, "मुलगी विकतात का?" म्हणून दान.

इथपर्यंत मला समजलं होतं. पुढचं समजेना.

पहिल्या संस्थेने फोनवर सांगितलं, गाडीचा लिलाव होईल. भाऊजींनी फोन ठेवला. दुसरीने सांगितलं, इतकी जुनी गाडी बहुतेक सुट्या भागांसाठी जाईल. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मला सगळं पायरीपायरीने लागतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी त्यांना समजावलं, "भाऊजी, दान दिलं की आपला संबंध संपला. घेणारा त्याचं काय करतो हे विचारायचं नसतं."

"नीट ऐका वहिनी, प्रश्न साधा आहे. तिच्या मागच्या सीटवर कोण बसणार?"



तर तिसऱ्या संस्थेच्या लिंडाबाई चारला आल्या. त्यांच्या हातात फॉर्म, आणि भाऊजींच्या हातात स्वतःची यादी. भाऊजींनी पोह्यांची बशी पुढे केली आणि इंग्रजीत सुरुवात केली, "आपल्याकडे कोण कोण असतं?"

"ऑफिसात? आम्ही सहा जण."

"एकत्र राहता?"

लिंडाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना लिंबाची फोड दिली.

"जागा स्वतःची? छप्पर गळत नाही ना?"

"मिस्टर दिवेकर," त्या चमचा खाली ठेवून म्हणाल्या, "मी खरं सांगते. गाडी आम्ही ठेवणार नाही. जुन्या गाड्यांची हौस असलेल्या कुणाला तरी ती लिलावात विकू. त्यातून देशात नव्याने येणाऱ्या कुटुंबांचं काम चालतं. आम्ही त्यांना विमानतळावर घ्यायला जातो."

मी मनात म्हटलं, लिलाव! संपलं. पण भाऊजी पुढे सरकून बसले.

"घ्यायला जाता? स्वतः?"

"हो, व्हॅन आहे आमची."

"हातात पाटी असते?"

"असते."

"आणि कोट? लोक स्वेटरवर येतात हो!"

"कोट नेहमीच कमी पडतात," लिंडाबाई म्हणाल्या.

भाऊजींनी फॉर्म न वाचता सही केली. लिलाव या शब्दावर फोन आपटणारा माणूस! मी घरी येऊन साडीची घडी घातली, तरी मला उलगडा होईना.

मंगळवारी सपाट पाठीचा ट्रक आला, बरोबर लिंडाबाईही. भाऊजींनी बॉनेटला कुंकू लावलं आणि माझ्याकडून मागून नेलेला खण, तांदूळ आणि नारळ यांनी गाडीची ओटी भरली. ट्रकवाल्याने विचारलं, "नारळपण न्यायचा?"

"अर्थात. तिचाच आहे. आणि टायर्स पाडव्याला बदला."

त्या भल्या माणसाने नारळ पुढच्या सीटवर ठेवला आणि त्याला सीटबेल्ट लावला.

मग तो म्हणाला, डिकी रिकामी हवी. भाऊजी घुटमळले. मीच उघडली.

आत कोट होते. बायकांचे, पुरुषांचे, दोन लहान मुलांचे, सगळे ड्रायक्लीनरच्या प्लास्टिकमध्ये. एक थर्मास. आणि पुठ्ठ्याची पाटी, तिच्यावर मराठीत ठळक अक्षरं: 'घरी चला'.

ती पाटी मी ओळखली. इथे पहिल्यांदा आले त्या जानेवारीत टोरांटोच्या विमानतळावर मी सुती साडीत आणि चपलांत उतरले, तेव्हा त्या गर्दीत मला वाचता येईल असं काहीतरी फक्त त्या पुठ्ठ्यावर होतं. इंग्रजी मला चांगलं येत होतं, पण त्या दिवशी ते वाचवत नव्हतं. चार तास गाडी चालवून एक अनोळखी माणूस आला होता. त्याने माझ्या खांद्यावर मरून रंगाचा कोट टाकला आणि म्हणाला, "बाहेर जरा गार आहे." बाहेर उणे वीस होतं. आमच्यानंतर कित्येक कुटुंबं त्या मागच्या सीटवर बसून विंडसरला आली.

"शेवटचं कुणाला आणलंत, भाऊजी?"

"पंधरा वर्षं झाली. आता सगळ्यांकडे फोन असतात. टॅक्सी करतात."

"मग हे कोट?"

"दर दसऱ्याला धुऊन आणतो." ते प्लास्टिक सारखं करत राहिले. "समजा फोन आला तर?"

कोट लिंडाबाईंनी नेले. पाटीही भाऊजींनी त्यांच्या हातात दिली. "तुमच्यापैकी कुणाला वाचता आली नाही तरी चालेल," ते म्हणाले. "ज्याला यायची, त्याला येईल."

ट्रक वळला. भाऊजी 'जा' म्हणाले नाहीत. "ये हं," म्हणाले, आणि कोपऱ्यावरून तो दिसेनासा झाल्यावरही उभेच राहिले. मीही उभी राहिले. शेवटी म्हटलं, चला, चहा टाकते.

तेव्हा दिसलं, एक कोट त्यांनी मागे ठेवला होता. प्लास्टिक काढून त्यांनी तो माझ्या खांद्यावर घातला.

"बाहेर जरा गार आहे, वहिनी."

मरून कोट. पन्नास वर्षांपूर्वी तो मला फार मोठा होत होता. आता आणखीच मोठा होतो.