आप्पांच्या विमानाचं तिकीट

बसमध्ये विमानाला सीट? तीही फुल्ल तिकीट काढून? पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझा आ वासला तो मिटेनाच. आमचे निपाणीचे शेजारी आप्पा दर रविवारी रिमोटवर उडणारं विमान घेऊन बेळगावला जातात आणि त्याला खिडकीशी बसवतात. आमच्या कर्नाटकात बसमध्ये बायकांना शून्य रुपयाचं तिकीट. आणि विमान मात्र पैसे भरून! आता काय बोलायचं?

बेळगावच्या माळावर विमानं उडवणारे आठ-दहाजण जमतात. सगळे पंख सुटे करून विमान पिशवीतनं आणतात. आप्पांचा पंख मात्र विडीच्या दोऱ्यानं कायमचा बांधलेला. कुणी म्हणालं, "आप्पा, रबर लावा की, पंख काढता येतोय," तर म्हणायचे, "तुमी कालची पोरं. बॅटरी घातली की उडवली. आमी इंजनाचं विमान दोरी धरून गरागरा फिरवायचो. विमान वर, आन् चक्कर येऊन आमी खाली!" आणि स्वतःच लई हसायचे.

गेल्या रविवारी मीही बरोबर गेलतो. परतताना स्टँडवर तोबा गर्दी. आप्पा चहा आणायला गेले. म्हटलं, म्हाताऱ्याची सोय करू. पानवाल्याची कात्री घेतली, दोरा कापला, पंख मोकळा!

आप्पा आले आणि चहाचे कप धरून तसेच उभे राहिले.

"काय केलंस रं ह्ये?"

विमान आपटलं तरी टाळ्या वाजवणारा हा माणूस! मी हबकलोच.

"आक्कानं बांधल्यालं रं त्ये."

आक्का म्हणजे त्यांची बायको. जन्मभर विड्या वळल्या बिचारीनं. जाऊन दोन वर्षं झाली. प्रत्येक विमानाचा पंख तीच बांधायची. हे शेवटचं. कुठं तोंड लपवू असं झालं.

बस आली. विमान आप्पांच्या मांडीवर, पंख माझ्या हातात. ओळखीचा कंडक्टर आला.

"तीन," आप्पा म्हणाले.

"तिसरं कशाला? आज विमान मांडीवर हाय की."

आप्पांनी खिशातनं तो कापलेला दोरा काढला आणि खिडकीच्या सीटवर ठेवला. "विमानाचं कवा काढलतं रं मी? आक्काचं काढतोय. तिला खिडकी लागती."

कंडक्टरनं मशीनमधनं शून्य रुपयाचं तिकीट काढलं आणि दोऱ्याशेजारी ठेवलं.

"बाईमाणसाला पैसे पडत न्हाईत, आप्पा."

मी पंख छातीशी धरून निपाणीपर्यंत उभाच राहिलो.