आभारांचे नेमके कारण

माणसाला पगाराइतकीच कौतुकाचीही गरज असते, हे संशोधनाने सिद्ध झाले आहे. (कौतुक पगारापेक्षा स्वस्त पडते, हे संशोधनाशिवायच लक्षात आले होते.)

आमची कंपनी खाद्यपदार्थांच्या वेष्टनांवरचा बारीक मजकूर तयार करते : घटक, उष्मांक, कोणाला काय खाऊन त्रास होईल. आम्ही त्रेचाळीस जण अमेरिकेच्या अकरा राज्यांत आपापल्या घरी बसून हे काम करतो, मी डुलुथला. समोरासमोर नसल्यामुळे आम्हाला एकमेकांकडे पाहून मान डोलावता येत नाही, ही उणीव संस्कृतीप्रमुख मार्ला ओस्टरगार्ड यांच्या ध्यानात आली आणि जानेवारीत त्यांनी कृतज्ञता सुरू केली.

नियम साधे आहेत. आभार सर्वांना दिसेल अशा फलकावर मानावेत. आठवड्याला तीनदा मानावेत. कशाबद्दल ते नेमके लिहावे, कारण मोघम आभारांनी मनाला उभारी येत नाही. (मोघम आभार फलकाचे यंत्र परत पाठवते.) सलग दोन तिमाहींत ज्याच्या नावावर मिळालेल्या आभारांची एकही नोंद होत नाही, तो संस्कृतीशी विसंगत ठरतो आणि कंपनी त्याला मोकळे करते.

मी मूळची रसायनशास्त्राची, त्यामुळे आकडेवारी माझ्याकडे आली. पहिल्या सहामाहीत तीन हजार तीनशे चोपन्न वेळा आभार मानले गेले, म्हणजे नियमाने जितके मानायला हवे होते बरोबर तितकेच. कृतज्ञता उत्स्फूर्त असल्याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. त्यांपैकी ६१ टक्के वरिष्ठांचे होते, २८ टक्के आधी मिळालेल्या आभारांची परतफेड म्हणून, आणि १५ टक्के बैठकीत कोणाचे तरी मांजर पडद्यावर आले म्हणून. डेनिस क्रोल यांना 'शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल' अडतीस वेळा आभार मिळाले. त्यांचा माइक मार्चपासून बिघडला होता, हे नंतर कळले.

लॉर्ना थिबडोला शून्य.

लॉर्ना मेन राज्यात, बँगोरजवळ राहते आणि आमच्या चुका शोधते. तेच तिचे काम. छापायला जाण्याआधी सगळा मजकूर तिच्याकडे जातो. चूक सापडली की ती चारचौघांत लिहीत नाही, फोन करते. फेब्रुवारीत मलाही केला होता.

"अगं, त्या ओटच्या वडीत शेंगदाणे आहेत ना?"

"आहेत की."

"मग 'शेंगदाणे नाहीत' हे कोणी लिहिलं, तुझ्या मांजराने?"

ऐंशी हजार वेष्टने दुसऱ्या दिवशी छापायला जाणार होती.

"बदललंय मी. पाणी पी जरा. आणि कुणाला सांगत बसू नकोस."

अडचण यावरून लक्षात येईल. लॉर्नाचे नेमके आभार मानायचे, तर आपली नेमकी चूक फलकावर लिहावी लागते. बेचाळीस जणांनी हा विचार स्वतंत्रपणे केला आणि सर्वांचे उत्तर सारखेच आले. विज्ञानात अशा निष्कर्षाला भक्कम मानतात.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात तिचा पुन्हा फोन आला. या वेळी चूक नव्हती.

"मार्लाचं पत्र आलंय. शुक्रवारपर्यंत माझ्या नावावर एक तरी नोंद हवी म्हणे. एकच गं. नवऱ्याचं डायलिसिस कंपनीच्या विम्यावर चालतं, नाहीतर मी तोंड उघडलं नसतं."

"मी लिहिते."

"माझ्या स्वेटरचं कौतुक कर हवं तर. काहीही चालेल."

"लिहिते म्हटलं ना!"

मी लिहिले : लॉर्नाच्या मोलाच्या मदतीबद्दल आभार. यंत्राने परत पाठवले, कृपया नेमकेपणा आणावा. 'दक्षतेबद्दल' असे लिहिले. कोणत्या प्रसंगी, असा प्रश्न आला. मग मी प्रसंग लिहिला, शेंगदाण्यांसकट, ऐंशी हजार वेष्टनांसकट. यंत्राने हिरवी खूण दाखवली आणि आदर्श कृतज्ञता म्हणून माझे अभिनंदन केले. आता फक्त बटण दाबायचे होते.

त्याच तिमाहीत माझी बढती विचाराधीन होती. मी मजकूर पुसला आणि ऐकून घेतल्याबद्दल डेनिसचे आभार मानले. (आठवड्याचे तीन भरायचे होते.)

लॉर्नाला शुक्रवारी मोकळे करण्यात आले. निरोपाच्या कार्डाला नेमकेपणाचा नियम लागू नाही, त्यामुळे बेचाळीसच्या बेचाळीस जणांनी मनापासून लिहिले : सगळ्यासाठी आभार! एका दिवसात एकाच व्यक्तीला इतके आभार कंपनीत कधीच मिळाले नव्हते. मार्लाबाई बैठकीत गहिवरल्या. "बघा मंडळी, हीच आपली संस्कृती!"

लॉर्नाचे उत्तर एका ओळीचे होते : "कार्डावर एकोणीस वर्षं लिहिलंय, एकवीस झाली."

ते कोणी दुरुस्त केले नाही. कार्ड पाठवून झाले होते.

बढती मला मिळाली. तिच्याबरोबर लॉर्नाचे कामही आले. इतर जबाबदाऱ्या सांभाळून ते करायचे असते.

हा वृत्तान्त अर्थातच लॉर्नाच्या नजरेखालून गेलेला नाही. वर दिलेल्या तीन टक्केवाऱ्यांची बेरीज एकशे चार होते. मी लिहिताना थांबले नाही, तुम्ही वाचताना थांबला नाहीत. ज्यांच्या तेव्हाच लक्षात आले असेल त्यांनी मला खासगीत कळवावे. मी जरूर आभार मानीन, कशाबद्दल ते लिहिणार नाही. आणि आज घरात कोणी ओटची वडी खाणार असेल, तर निश्चिंत असा. वेष्टनावरचा मजकूर मी स्वतः तपासला आहे.