दाराखालचे चार टक्के

टक्केवारी शिकवावी ती आम्हीच! एकोणीस वर्षं मी सातवीला गणित शिकवतोय. टक्केवारीचा धडा जवळ आला की माझ्या अंगात काहीतरी संचारतं, असं आमची ही म्हणते. (कौतुकानं म्हणते की कशानं, ते मी कधी विचारलेलं नाही.)

यंदा तर मी मोठ्या बाईंपुढे, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांपुढे, जाहीरच करून टाकलं.

"बाई, या वर्षी पुस्तक बंद! मुलं प्रत्यक्ष वस्तू बनवून प्रमाण शिकणार."

"कुठली वस्तू?"

एवढा पुढचा विचार कुणी केला होता! मी इकडंतिकडं पाहिलं. समोर त्यांच्याच खोलीचं दार होतं. खालून कुजलेलं, वरून फुगलेलं. ते लावायला आतून एक आणि बाहेरून एक अशी दोन माणसं लागायची.

"हे दार!" मी म्हणालो. उचलली जीभ, लावली टाळ्याला!

बेत मात्र झकास होता. मुलं चौकट मोजणार, दहा सेंटिमीटरला एक सेंटिमीटर या मापानं दाराचं चित्र काढणार, आणि सुतार फक्त त्या चित्रावरून दार करणार. चित्रावर आकडा एकही नाही! आकडे लिहायचे म्हणजे शेवटच्या पानावरचं उत्तर बघून गणित सोडवायचं. आणि सुतारानं चौकटीकडे ढुंकूनही बघायचं नाही.

"आणि दार बसलं नाही तर?" बाईंनी विचारलं.

"बसणारच!"

"नाही बसलं, तर पुढच्या सत्रापासून सातवी विज्ञानाच्या सरांकडे. तुम्ही पाचवीचे पाढे घ्या."

विज्ञानाचे सर फळ्याकडे तोंड करून शिकवायला लागतात ते घंटा झाल्यावरच वळतात. आणि माझी सातवी म्हणजे छत्तीस पोरं आणि तीनशे साठ प्रश्न! त्यातली एक मुलगी तर प्रत्येक वाक्य 'पण सर'नं सुरू करते, म्हणून वर्गानं तिचं नावच 'पण' ठेवलंय. हा वर्ग माझ्या फार जिवाचा आहे. तो हातचा जाईल या विचारानंच मला कसंतरी झालं. पण शब्द तोंडातून गेला होता.

सुतार घरचाच होता, हिचा धाकटा भाऊ. त्याला अट सांगितली तर तो माझ्याकडे बघतच राहिला.

"भाऊजी, चौकट न मोजता दार करायचं? मग शर्टही माणूस न बघताच शिवतात का?"

"प्रमाणावर विश्वास ठेव रे!"

"माझा टेपवर विश्वास आहे. पण तुम्ही म्हणताय तर करतो. उद्या काही झालं तर माझं नाव घ्यायचं नाही!"

मुलांनी चौकट तीन-तीनदा मोजली. दोनशे सेंटिमीटर उंच, ऐंशी रुंद. चित्रात दार बरोबर वीस बाय आठचं आलं. इतकं देखणं की मला भरून आलं! फक्त दार उघडंबोडकं दिसतं म्हणून पोरांनी त्याच्याभोवती वेल, पक्षी, घंटा आणि मोठ्या बाईसुद्धा काढून ठेवल्या. त्यामुळे कागद एवढा मोठा झाला की माझ्या फाइलीत मावेना. मी ऑफिसात गेलो आणि झेरॉक्सच्या मशीनवर ऐंशी टक्क्यांची छोटी प्रत काढून घेतली.

घेतली ते बरंच झालं, कारण पुढचा तास चित्रकलेचा होता. त्या तासात मूळ कागदावर अख्खं रंगाचं पाणी सांडलं! दार, पक्षी आणि बाई सगळं एकत्र होऊन जांभळं झालं. मुलं रडवेली झाली.

"अरे, घाबरता काय! प्रत आहे माझ्याकडे," मी म्हणालो. "वीस टक्के कमी केले होते, वीस टक्के वाढवले की झालं!" ऑफिसातले क्लार्क मदतीला उठले, त्यांना खाली बसवलं, स्वतः बटण दाबलं, एकशे वीस टक्क्यांची प्रत काढली आणि मेव्हण्याच्या हातात ठेवली.

आठ दिवसांनी दार आलं. काय दार होतं! गुळगुळीत पॉलिश, पितळी कडी. मेव्हण्यानं ते बिजागरीवर चढवलं, वरची कड चौकटीला भिडवली आणि हलकेच ढकललं. दार आवाज न करता फिरलं, चौकटीत शिरलं, आणि तसंच पुढं खोलीत गेलं.

कडी खाचेपर्यंत पोचतच नव्हती! आणि खाली एवढी फट, की बाई आत जाऊन उभ्या राहिल्या तर बाहेरून त्यांचे बूट घोट्यापर्यंत दिसत होते. बाईंनी आतून पायानं दार रेटून धरलं आणि गंभीर आवाजात म्हणाल्या, "सर, जरा आत या." मी आत जायच्या आधी फटीतून शाळेचं मांजर आत गेलं.

"दार बसलं का?" बाईंनी विचारलं.

"तसं... उभं आहे," मी म्हणालो.

"संध्याकाळी विज्ञानाच्या सरांशी बोलते."

बाहेर आलो तर मेव्हणा रागानं टेप नाचवत उभा होता. "एकशे ब्याण्णव! भाऊजी, उभ्या आयुष्यात माझं दार दोराभर कमी भरलं नाही, आणि इथं आठ सेंटिमीटर? लोक मला काय म्हणतील?"

खरं सांगायचं तर मलाही पहिला संशय त्याचाच आला होता. नाचता येईना, अंगण वाकडं! पण माझी सातवी तोवर दाराभोवती जमली होती, आणि त्यांच्या चेहऱ्यावर दुःख अजिबात नव्हतं. होतं ते नुसतं कुतूहल. दार लहान झालंच कसं?

"दोनशेमागे आठ, म्हणजे शंभरामागे चार," कुणीतरी म्हणालं. "चार टक्के गेले!"

"रुंदी शहात्तर पूर्णांक आठ. तीन पूर्णांक दोन गेले. म्हणजे उंची जास्त गेली!"

"पण सर," पण पुढं सरकली, "ऐंशीमागे तीन पूर्णांक दोन म्हणजेही चारच टक्के!"

मी फळ्याशिवायच गणित केलं. खरंच की! माझ्या डोक्यातून विज्ञानाचे सर क्षणभर पार निघून गेले.

"पण सर, काका जर कापताना चुकले असते, तर दोन्हीकडे सारखेच टक्के कशाला कमी होतील? उंचीला जास्त गेलं, रुंदीला कमी, पण प्रमाण एकच. हे कापताना झालेलं नाही. हे कागदातच झालंय!"

मेव्हण्याचा चेहरा असा उजळला की विचारू नका. "बाळ, तू मोठी हो, तुझ्या घराची सगळी दारं मी करणार. मोजून!"

मग आमची वरात ऑफिसात! मी पुढं, मागं छत्तीस पोरं, त्यांच्यामागे टेप उघडाच ठेवून मेव्हणा, आणि सगळ्यांत शेवटी, हे काय चाललंय म्हणून विज्ञानाचे सर. मोठ्या बाई आपल्या खोलीच्या उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. ऑफिस समोरच आहे, त्यांना सगळं दिसत होतं.

"या मशीनची आज झडती!" मी गरजलो.

पणनं कागदावर दहा सेंटिमीटरचा चौकोन काढला. ऐंशी टक्के दाबले, आठ आला. बरोबर! त्या प्रतीवर एकशे वीस टक्के दाबले. मोजला. नऊ पूर्णांक सहा!

"चोर सापडला!" मी ओरडलो. "मशीन बिघडलंय!"

"पण सर, आधीचे वीस टक्के दहाचे होते. ते दोन झाले. नंतरचे वीस टक्के आठचे. ते एक पूर्णांक सहाच होणार ना? मशीन बरोबर आहे. दोन्ही वेळा वीस, पण वीस कशाचे?"

मी आठचे वीस टक्के काढले. मग पुन्हा काढले. तिसऱ्यांदाही तेवढेच आले.

"मग मूळ माप यायला किती दाबायला हवं होतं?" मेव्हण्यानं विचारलं.

"आठाला दोन हवेत. म्हणजे पाव भाग. एकशे पंचवीस!" अख्खी सातवी एका सुरात.

"आणि एकशे वीस दाबलं कुणी?"

छत्तीस माना क्लार्ककडे वळल्या. त्यांनी दोन्ही हात वर केले. "मी मशीनला हात लावला नाही हो! सर म्हणाले, तुम्हाला टक्क्यांतलं कळत नाही, बसा."

आता बहात्तर डोळे माझ्यावर! एकोणीस वर्षं हा धडा शिकवतोय मी. कान असे तापले की त्यावर चहा उकळला असता. "मीच दाबलं," मी म्हणालो. "चूक माझी. ना मशीनची, ना सुताराची." हे म्हणायला फार जड गेलं, पण पोरांसमोर खोटं बोलवेना.

मोठ्या बाई विज्ञानाच्या सरांकडे वळल्या. "सर, ठरल्याप्रमाणे दार बसलेलं नाही. सातवी तुमच्याकडे."

विज्ञानाचे सर ऐटीत हसले. "घेतो की! एवढं काय त्यात? मी असतो तर—"

"पण सर," पणनं त्यांना विचारलं, "मूळ मापात चार टक्के कमी पडले. मग आत्ताच्या दाराला चार टक्के वाढवले की बसेल?"

"अर्थात!"

छत्तीस पोरं एकदम पुढं सरकली. "कशाचे चार?"

सरांनी फळा शोधला. ऑफिसात फळा नव्हता. त्यांनी छताकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, मग बाईंच्या जवळ जाऊन हळूच म्हणाले, "बाई, मला पाचवीच द्या. पाढ्यांना कुणी कशाचे म्हणून विचारत नाही."

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "सातवी याच सरांकडे राहील. आणि नवं दार मोजून!" एवढं बोलून त्या रुबाबात आत गेल्या आणि दार लावून घेतलं, म्हणजे पायानं रेटून धरलं.

पोरांनी एकच कल्ला केला. मेव्हण्यानं माझ्या पाठीवर अशी थाप मारली की चष्मा उडून समोर बाईंच्या दाराशी पडला. मी तिथं जाऊन चष्मा उचलायला वाकलो, तेव्हा फटीतून बाईंचा आवाज आला. अगदी हळू, स्वतःशीच.

"पण एकशे वीस का नाही?"

मी समजावून सांगायला तोंड उघडलं. पण पण आधीच फरशीवर पालथी पडून दाराखालून कागद-पेन्सिल आत सरकवत होती. "बाई, आधी दहाचा चौकोन काढा!"

मी जागचा हललो नाही. तिथंच, चष्म्याशेजारी, फरशीवर मांडी घालून बसलो. खरं सांगू? मलाही ते पुन्हा एकदा नीट ऐकायचं होतं.