खोकल्याची फाइल

मुलीला तीन दिवस खोकला होता. तो साधा आहे, असं सासूबाईंनी जाहीर केलं. पण सासूबाईंकडे पदवी नव्हती. सूनबाईंकडे होती, वनस्पतिशास्त्राची. तिने खास डॉक्टरांसाठी निघालेली 'सामान्य आजार: निदान व उपचार' ही एकशे बारा पानी मार्गदर्शिका मोबाइलवर उतरवून घेतली. विसाव्या पानापर्यंत मुलीला अकरा आजार झाले होते. त्यातला न्यूमोनिया तेवढा आईच्या घशात अडकून बसला.

मग रीतसर नोंदी झाल्या. खोकला: ओला, कोरडा, लक्ष वेधण्यापुरता. श्वास: मिनिटाला अठ्ठावीस. ते मोजताना आईने स्वतःचा रोखून धरला होता, त्याची नोंद वेगळ्या रकान्यात. फाइल फुगल्यावर ती दवाखान्यात गेली.

डॉक्टरीणबाईंचा कॉम्प्युटर नवा होता. प्रत्येक चौकट भरल्याशिवाय तो पुढे सरकत नसे.

"ताप?"

"सकाळी अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार. काखेतला."

बाईंनी पहिल्यांदाच मान वर केली. "काखेतला! लोक हे सांगतच नाहीत हो. घसा?"

"किंचित लालसर. टॉर्च लावून, दोन बाजूंनी पाहिला. फोटो परिशिष्ट 'ब'मध्ये."

"छाती?"

"कान लावून ऐकली. घरघर नाही. शेजारी मिक्सर चालू होता, तेवढा आवाज वजा करा."

"अहो, तुम्ही मेडिकलला का नाही गेलात?"

आईला गहिवरून आलं. लग्नानंतर तिचं इतकं कौतुक कुणी केलं नव्हतं.

कॉम्प्युटर टिंग करून म्हणाला: साधी सर्दी. आईचा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. "नक्की ना, डॉक्टर? न्यूमोनियाची सुरुवातही अशीच होते म्हणे."

"बरं बाई, मीही ऐकते एकदा." बाईंनी स्टेथोस्कोप कानाला लावला, त्याचं टोक तळहातावर चोळून ऊबदार केलं. "घ्या तिला मांडीवर."

आईने मांडीकडे पाहिलं. मांडीवर फाइल होती.

"तिला... घरी ठेवलंय. सासूबाईंजवळ. मार्गदर्शिकेत पान नऊवर आहे, खोकणाऱ्या मुलांना गर्दीत नेऊ नये."

बाईंनी तिच्या मोबाइलवर नववं पान काढून पाहिलं. "आहे खरं," त्या म्हणाल्या आणि 'तपासणी पूर्ण' या चौकटीवर खूण केली.

आता तुम्ही हसाल. हसा खुशाल. पण मुलीची छाती अजून कुठल्याही डॉक्टरने ऐकलेली नाही. आणि ताप, घसा, श्वास एवढं सगळं मन लावून वाचताना, मुलगी कुठे आहे, असं तुम्ही तरी कुठे विचारलंत?