शांतीलालशेठचे हेर

मंचरच्या बाजारपेठेत भांड्यांचं दुकान चालवणाऱ्या शांतीलालशेठनी बेसबॉलचा सामना जन्मात पाहिला नव्हता, पण अमेरिकेतला एक अख्खा संघ ते सांभाळत होते. भरदुपारी गिऱ्हाईक पातेलं वाजवून बघत असायचं आणि शेठ कॉम्प्युटरकडे बघून पुटपुटायचे, "ह्याला काढतोच आता. लई फेकतो." गिऱ्हाइकाला वाटायचं, घरातलंच कुणीतरी असणार.

तो कॉम्प्युटर बिलांसाठी मीच बसवून दिला होता. शेजारीच माझा कॉम्प्युटरचा क्लास. खेळाची सीडी आणली त्यांच्या पुण्याच्या भाच्याने. या खेळात चेंडू मारायचा नसतो, नुसता संघाचा कारभार बघायचा. गावोगाव हेर पाठवायचे. ते नव्या पोरांना पारखून येतात आणि प्रत्येकाचे दोन आकडे देतात. शंभरपैकी आज खेळता किती येतं आणि पुढे किती येईल. खरा आकडा मात्र खेळ कधीच दाखवत नाही. दिसतो तो हेराचा अंदाज. कच्चा हेर जास्त चुकतो. कुणी दणकट अंगाला भुलतो, कुणी वेगाला.

शेठना हे लगेच उमगलं. "म्हंजे हे लग्नातले मध्यस्थच की राव. पोरगं कसं हाये ते कळत नाय, सांगणारा कसा हाये ते कळतं."

मग एकाच पोरावर ते तीन-तीन हेर सोडायला लागले. सवय घरातही शिरली. शेठाणींनी आमटी कशी झालीय विचारलं, तर म्हणे, "आज साठ, पण उद्याला ऐंशीवर जाईल." दोन दिवस त्यांना लोणचं-भाकरीवर काढावे लागले.

त्याच सुमारास माझ्या बहिणीला निमगाव सावाचं स्थळ आलं. मध्यस्थ मुलाची तोंड भरून स्तुती करत होता आणि घरचे होकार द्यायला टेकले होते. शेठच्या कानावर हे गेलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचं दुकान बंद. पेठेत कुणाला कारण कळेना.

संध्याकाळी धुळीने माखलेले शेठ माझ्या क्लासात येऊन टेकले. एसटीने निमगावला जाऊन आले होते. जुनी भांडी मोडीत घ्यायला आलोय असं सांगून, पाणी मागून, त्या घराच्या ओट्यावर दुपारभर बसले होते.

मुलगा कसा वाटला, मी विचारलं.

"पोरगा घरी नव्हताच. थोरल्या सुनेला बघत बसलो. सासूशी बोलताना हसत व्हती. द्या बिनघोर."

मला हसू आलं. इतक्या लांब गेलात आणि मुलगा न बघताच आलात, असं म्हणालोही. शेठ हसले नाहीत.

त्यांची मुलगी शोभा काही वर्षांपूर्वी सासर सोडून माहेरी परतली होती. पेठेत सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्यांच्यासमोर तो विषय कुणी काढत नसे. त्यांनीही आजवर काढला नव्हता.

"तिच्या वेळी लग्नसराई व्हती," ते म्हणाले. "दुकानात गर्दी. मध्यस्थ म्हणला, घर चांगलंय. मी गेलोच नाय." ते बाहीवरची धूळ झटकायला लागले. "नुसतं पाणी मागायला तरी जायचं व्हतं."